नवरा रिटायर झालाय, मी कुठे झालेय?

प्रश्न : ताई, माझं वय ५६. मिस्टर बँकेतून रिटायर होऊन वर्ष झालं आणि गेले आठ महिने घरात एकच विषय आहे, थायलंड. त्यांचा एक जुना सहकारी चियांग माईला राहतो, त्याच्याकडे हे पंधरा दिवस जाऊन आले आणि तेव्हापासून जे डोक्यात बसलंय ते निघतच नाहीये. स्वच्छ रस्ते, चांगली हॉस्पिटलं, खर्च आटोक्यात, गडबड नाही, वगैरे वगैरे. इथला फ्लॅट विकायचा, तिथे कॉन्डो घ्यायचा, रिटायरमेंट व्हिसा काढायचा आणि उरलेलं आयुष्य शांतपणे काढायचं असा त्यांचा प्लॅन आहे. माझं स्वतःचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, २२ वर्षं झाली, तीन मुली कामाला आहेत. आई ८२ वर्षांची, भावाकडे असते, रोज संध्याकाळी सातला माझा फोन गेला नाही तर ती जेवत नाही असं वहिनी म्हणते. मुलगा नोकरीला लागलाय, त्याचं लग्न व्हायचंय. मी नाही म्हटलं तर हे म्हणतात तू आयुष्यभर कामच करणार का, आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही. परवा यांनी एक्सेल शीट दाखवली, सगळा हिशोब अगदी व्यवस्थित, त्यात एका ओळीत लिहिलं होतं ‘ऑफिस – बंद – मार्च’. ती ओळ बघून मला रात्रभर झोप नाही लागली. मी स्वार्थी आहे का?

उत्तर : नाही हो. स्वार्थी असतात तर एवढं मोठं पत्र लिहिलं नसतंत, सरळ नाही म्हणून मोकळ्या झाला असतात. पण मला आधी त्या ओळीबद्दल बोलायचंय, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. थायलंड तुम्हाला नकोय असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही, तुमची बावीस वर्षं एका खान्यात बसवून पुढे ‘बंद’ लिहिलंय आणि लिहिताना तुम्हाला कुणी विचारलं नाही, हे लागलंय. यजमान वाईट आहेत असं नाही म्हणत मी, रिटायर झालेल्या माणसाला वाटतं आपण थांबलो म्हणजे घड्याळच थांबलं. रिटायर ते झालेत, तुम्ही नाही. हे वाक्य तुम्ही त्यांना शांतपणे, भांडण चालू नसताना, एकदा बोलून दाखवायला हवं.

आता शीटकडे वळू, कारण बँकेतल्या माणसाशी बोलायचं तर आकड्यातच बोलावं लागतं. ते म्हणतायत तो रिटायरमेंट व्हिसा ५० वर्षांपुढच्यांना मिळतो, त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाथ ठेवायचे किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवायचं. ८ लाख बाथ म्हणजे आपले वीस लाखांच्या वर, आणि ते नुसते एकदा दाखवून काढून घेता येत नाहीत, वर्षाच्या मुदतवाढीसाठी ठेवलेत तर मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही, नंतरही ४ लाखांच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. सलग राहिलात तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. मध्येच आईला बघायला यायचं झालं तर आधी री-एंट्री परमिट काढायचं, नाहीतर व्हिसाच रद्द होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या व्हिसावर काम करता येत नाही. म्हणजे तुम्ही त्यांच्या मागून डिपेंडंट म्हणून गेलात की लॅपटॉप उघडून क्लायंटचं रिटर्न भरणंसुद्धा नियमात बसवणं अवघड.

पण गंमत पुढे आहे. जुलै २०२४ मध्ये थायलंडने डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) नावाचा दुसरा व्हिसा सुरू केला, बाहेरच्या देशातलं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी. पाच वर्षांचा, एका एंट्रीत १८० दिवस राहता येतं, ५ लाख बाथएवढी शिल्लक आणि कामाचा पुरावा दाखवावा लागतो, आणि जोडीदार डिपेंडंट म्हणून सोबत येऊ शकतो. (नियम तिकडे सारखे बदलतात, अर्ज करायच्या आधी दूतावासाची साइट बघा.) थोडक्यात काय, ज्या ऑफिसपुढे यांनी ‘बंद’ लिहिलंय त्याच ऑफिसच्या जोरावर हा व्हिसा मागता येईल आणि मिस्टर तुमच्या मागून डिपेंडंट म्हणून जातील! हे त्यांना सांगताना चेहरा जरा गंभीर ठेवा.

आता कॅलेंडर काढा. अकरा तारखेला जीएसटीआर-वन, वीस तारखेला थ्री-बी, ही जीएसटीची महिन्याची रिटर्न तुम्हाला मी सांगायला नको, आणि ते कुठूनही भरता येतं, फक्त भारतातलं सिम रोमिंगवर चालू हवं, ओटीपी आला नाही तर सगळं अडतं. खरी धावपळ जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या मानाने बरं, डिसेंबरचं वार्षिक रिटर्न सोडलं तर. आणि थायलंडचा चांगला सीझन नेमका तोच. चियांग माईला फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, हवा इतकी खराब होते की तिथले लोकच शहर सोडून दुसरीकडे जातात. मिस्टर कुठल्या महिन्यात जाऊन आले ते विचारा बरं. मला खात्री आहे मार्च नव्हता.

तर वर्षातले चार महिने तिथे, आठ महिने इथे. १८० दिवसांच्या आत राहिलात तर तिथले टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्सच्या हिशोबाने तिथले रहिवासी, होत नाही, आणि झालात तर १ जानेवारी २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिकडे टॅक्सचा विषय येतो. इथे १८२ दिवसांच्या वर राहिलात की इथल्या रेसिडेंट राहता, म्हणजे बँकेची खाती एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं) करायची भानगड नाही, पीपीएफची मुदत वाढवता येते. कायमचं गेलं की हे सगळं बदलतं. यातलं निम्मं तुम्ही रोज दुसऱ्यांना समजावून सांगता, स्वतःच्या घरात मात्र गप्प बसलायत.

फ्लॅट मात्र विकू देऊ नका, निदान दोन वर्षं तरी, इथे मी अगदी हट्टी आहे. भारतातून एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ टॅक्स) कापला जातो, रिटर्नमध्ये तो परत मिळतो पण तोवर अडकून राहतो, हे झालं पाठवण्याचं. परत आणायचं काय? तिकडे परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, कॉन्डो घेता येतो पण इमारतीतल्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच परदेशी मालकी चालते, म्हणजे विकायला गेलात की गिऱ्हाईकही त्याच हिशोबात शोधायचं. आणि शीटमध्ये एक ओळ नाहीच आहे, मी पैजेवर सांगते. वीस वर्षांपूर्वी एक बाथ साधारण सव्वा रुपयाच्या आत मिळायचा, आज अडीच रुपयांच्या वर गेलाय. पेन्शन रुपयात येणार, खर्च बाथमध्ये होणार, आणि आज ‘आटोक्यात’ दिसणारा खर्च तुम्ही ७६ वर्षांच्या व्हाल तेव्हा किती असेल ते त्यांनाच त्यांच्या एक्सेलमध्ये टाकायला लावा. मी सांगितलं तर कुरकुर होईल, कॉलममध्ये आकडा स्वतः आला की बँकेतला माणूस ऐकतो.

मेडिक्लेम पण चालू ठेवा. इथल्या बहुतेक पॉलिसी भारतातल्याच उपचाराला चालतात म्हणून लोक जाताना ‘आता काय उपयोग’ म्हणत सोडून देतात, आणि परत आल्यावर नव्याने घेतली की जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं. साठीनंतर तीन वर्षं म्हणजे काय हे काय सांगू.

राहता राहिली आई. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तिचे सात वाजतील तेव्हा तुमचे साडेआठ, फोन काही चुकत नाही, आणि मुंबई-बँकॉक विमान चार-साडेचार तासांचं आहे, नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात असलेल्या लेकीला कधी कधी याहून जास्त वेळ लागतो. पण तुम्ही आईला विचारलंय का? पत्रात वहिनी काय म्हणते ते आहे, आई काय म्हणते ते नाहीये. माझी आई शेवटची काही वर्षं व्हिडिओ कॉलवर फोन कानाला लावायची, मला पूर्णवेळ तिच्या कानातली कुडी आणि केसांची एक बट दिसायची, आणि तरी ती फोन ठेवताना ‘आज बघून बरं वाटलं’ म्हणायची. मी अपराधी वाटून घेत होते ते माझ्याच मनाचे खेळ होते, तिला फक्त फोन वेळेवर हवा होता. तुमच्या आईचं वेगळं असू शकतं. ती नको म्हणाली तर चारचे दोन महिने करा, भावाशीही स्पष्ट बोला, कारण तुम्ही नसाल तेव्हा रात्री हॉस्पिटलला तोच नेणार आहे आणि त्याला गृहीत धरलंत तर तुमच्यात आणि त्या एक्सेल शीटमध्ये काय फरक राहिला?

मुलाच्या लग्नाचं मी मध्ये आणत नाही. त्याचं ठरेल तेव्हा तुम्ही याल, एवढंच आहे ते.

या नोव्हेंबरला दोघं मिळून ६० दिवसांच्या टुरिस्ट व्हिसावर जा, ऑफिस मुलींच्या भरवशावर ठेवा, भाड्याने घर घ्या, हॉटेल नको. गॅस संपला, नळ गळला, एकाला ताप आला की तिथलं राहणं कसं ते कळेल. आणि निघायच्या आधी त्या शीटमधली ‘मार्च’ची ओळ तुमच्या हाताने डिलीट करा, सेव्ह करून मगच बॅग भरायला घ्या.

प्रश्न : वय ६४, विधुर. मुलीकडे परदेशात कायमचं जायचंय, मन होत नाही पण एकटं राहणंही जमेना. जाताना फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र पुतण्याला देऊन जा असं सगळे म्हणतात. द्यावं का?

उत्तर : काका, पुतण्या चांगलाच असेल, तरी सगळे अधिकार एका कागदात देऊ नका. भाडं घेणं, सोसायटीचं मेंटेनन्स भरणं, लाइट बिल, एवढ्याच कामांपुरतं मुखत्यारपत्र करा, विकायचा आणि गहाण ठेवायचा अधिकार त्यात स्पष्ट नाही असं लिहा. आणि हे इथे असतानाच करून नोंदवा. तिकडे गेल्यावर करायचं म्हणजे आपल्या दूतावासात सही साक्षांकित करायची, मग कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं, त्यात तारीख चुकली की दंड बसू शकतो. मुखत्यारपत्र तुमच्या हयातीपुरतंच असतं, त्यामुळे मृत्युपत्र वेगळं करा, सोसायटीत नॉमिनीचं नाव लावलंय म्हणून ते टाळू नका. मन होत नाही म्हणताय तर आधी सहा महिने जाऊन या, फ्लॅट तोवर नुसता बंद ठेवा. आणि मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट सुटकेसमध्ये घालून नेऊ नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि लॉकरवर मुलीचंही नाव घाला.