डेन्व्हरला उतरताना विमान एवढं का हादरतं?

प्रश्न : नमस्कार दादा, आमची लेक अमेरिकेत डेन्व्हरला असते. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं सॅन फ्रान्सिस्कोवरून तिकडं गेलो, तर शेवटचा अर्धा तास विमान असं हाललं की चहा सगळा साडीवर आणि आमचे हे तर डोळे मिटून मंगेशीचं नाव घेत बसले. दाबोळीला भर पावसात उतरलोय पण असं कधी झालं नव्हतं. यंदा परत जायचंय, कुठल्या महिन्यात जावं? आणि विमान त्याने पडतं का हो? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ताई, असल्या हादऱ्यांनी विमान सहसा पडत नाही. विमानं असले धक्के धरूनच बांधलेली असतात, बाधा होते ती बेल्ट न लावता बसलेल्या माणसाला.

आता डेन्व्हरचं. तो विमानतळ समुद्रापासून शेकडो मैल आत, 1,655 मीटर उंचीवर, म्हणजे विमानतळच आपल्या घाटमाथ्याहून उंच आणि त्याच्या पश्चिमेला रॉकी पर्वत, ज्याची शिखरं 4,200 मीटरच्या वर जातात. हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेचा जोराचा वारा या डोंगरांवरून पलीकडे उतरतो. पावसात व्हाळाला पाणी आलं की बुडालेल्या दगडाच्या पुढं पाण्याची उकळी एका जागी उभी राहते बघा, पाणी पुढं जातं पण लाट तिथंच, तसंच हवेचं होतं आणि तुमचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून येताना नेमकं त्या लाटांतून खाली उतरलं. खिडकीतून कधी सान्नां एकावर एक ठेवल्यासारखे गुळगुळीत ढग एकाच जागी थांबलेले दिसले तर समजायचं की लाट तिथं आहे.

दाबोळीला हे का होत नाही, तर पावसाळ्यात आपला वारा समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला नंतर आपटतो, आपण डोंगराच्या अलीकडे. डेन्व्हर पलीकडच्या अंगाला आहे. सगळा खेळ एवढाच.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. जून ते ऑगस्ट सकाळी हवा शांत असते, मग ऊन तापतं, दुपारी डोंगरावर गडगडाटी ढग उठतात आणि संध्याकाळपर्यंत मैदानावर सरकतात. तिथली हवा एवढी कोरडी की ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबताना दिसतात पण थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच सुकतात (आपल्याकडच्या माणसाला हे सांगून पटत नाही, आपल्याकडे पाऊस दिसला म्हणजे भिजणारच) आणि त्या सुकण्याने हवा थंड, जड होऊन धाडकन खाली कोसळते. 7 ऑगस्ट 1975 ला तिथल्या जुन्या स्टेपल्टन विमानतळावर उडालेलं एक विमान अशाच वाऱ्याने खाली आणलं होतं, सुदैवाने कोणी दगावलं नाही. 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी डेन्व्हरच्याच आसपास रडार लावून या वाऱ्यांचा अभ्यास केला आणि आता विमानतळांवर इशारा देणारी यंत्रणा असते, वारा वाईट असेल तर पायलट सरळ घिरट्या घालत थांबतो. उशीर झाला म्हणून कुरकुरू नका.

तर माझं मत, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ढगांचा जोर उतरलेला असतो आणि वरचे पश्चिमी वारे अजून हिवाळ्याएवढे जोरात नसतात. आणि रस्ता बदला. फ्रँकफर्टवरून थेट डेन्व्हरचं विमान आहे, ते ईशान्येकडून मैदानावरून येतं, त्यामुळे बहुतेक वेळा रॉकीज ओलांडावेच लागत नाहीत. लेक सुट्टीमुळे जुलैच म्हणत असेल तर अमेरिकेतलं शेवटचं विमान सकाळी लवकर पोचणारं घ्या, त्यासाठी एक रात्र वाटेत काढावी लागली तरी चालेल.

ह्यांना पंखाजवळची सीट द्या, शेपटीकडे जास्त झोके बसतात. आणि विमान खाली यायला लागायच्या आत चहाचा कप परत देऊन टाका.