कॅण्डलस्टिक पॅटर्न बघून भाव पुढे कुठे जाणार ते कळतं का?

तुम्ही विचारलंय की शेअरच्या चार्टवरचे हॅमर, डोजी, एनगल्फिंग हे कॅण्डलचे आकार सगळे पाठ केले तरी ऑप्शनमध्ये (भाव पुढे कुठे जाईल यावरचे करार) ट्रेड उलटेच पडतात, मग चुकतंय कुठे आणि 15 मिनिटांचा चार्ट बघावा की दिवसाचा. मी काय एक्सपर्ट नाही, म्हापशात छोटं दुकान आहे, पण याच गोष्टीत चांगला आपटलोय म्हणून लिहितो.

कॅण्डल म्हणजे तेवढ्या वेळात, 15 मिनिटं म्हणा की एक दिवस, झालेल्या व्यवहाराचा हिशोब, बस. आमच्याकडे मासळी बाजारात बांगड्याचा वाटा समजा सकाळी 200 ला उघडला, गिऱ्हाईक तुटून पडलं तेव्हा 260 पर्यंत चढला, मग दुसरा माल आला नि 150 वर आला, आणि शेवटी 220 ला बाजार उठला. 200 ते 220 ही बॉडी, वर 260 नि खाली 150 पर्यंतच्या त्या शेपट्या. उद्या ट्रॉलरला काय मिळणार ते यात कुठेच लिहिलेलं नाही.

आता रंगाचं बघा, इथे भलेभले फसतात. 3 जून 2024 ला लोकसभेच्या एक्झिट पोलमुळे निफ्टी (50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) 733 पॉइंट वर गेला, टीव्हीवर नुसता जल्लोष, पण त्या दिवसाची कॅण्डल लाल आहे! कारण उघडलाच 23,337 च्या आसपास आणि बंद झाला 23,263 ला, आणि रंग ठरतो तो उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या फरकावर (बंद खाली झाला तर लाल), कालच्या भावावर नाही. दुसऱ्या दिवशी निकाल लागले नि निफ्टी 1,379 पॉइंट कोसळला. मग त्या लाल कॅण्डलने इशारा दिला होता का? मला नाही वाटत, निकाल वेगळे लागले असते तर त्याच कॅण्डलला आपण विसरलो असतो.

हॅमर म्हणजे भाव आता वर वळेल असा मानला जाणारा आकार, पण तो घसरणीनंतर आला तरच हॅमर. तोच आकार, खाली बॉडीच्या निदान दुप्पट शेपूट, चढलेल्या भावाच्या टोकाला दिसला तर हँगिंग मॅन, म्हणजे अर्थ उलटा. तेव्हा नुसता आकार पाठ करून उपयोग नाही, तो कुठे आलाय ते आधी बघायचं.

माझी चूक मात्र याहून बावळट होती. एका बँकेच्या शेअरमध्ये दिवसाच्या चार्टवर सकाळी 11 ला मस्त हॅमर दिसला, गिऱ्हाईक सोडून मोबाईलवर घेतले शेअर, आणि 3:30 ला बघतो तर हॅमर कुठला, खालपर्यंत अख्खी लाल कॅण्डल! 11 हजार गेले. अहो, बाजार बंद होईपर्यंत दिवसाची कॅण्डल तयारच झालेली नसते, तिचा आकार दर मिनिटाला बदलत असतो, आणि हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी ठासून सांगितलं नव्हतं.

पॅटर्नचा खरा उपयोग मला एकच दिसतो, आपण चुकलो हे कुठे मान्य करायचं ते कळतं. हॅमरचा लो, म्हणजे सगळ्यात खालचा भाव, तुटला की विषय संपला, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विकायचा भाव) त्याच्या जरा खाली. तो लो फार लांब असेल तर शेअर कमी घ्यायचे किंवा सोडून द्यायचं.

आणि तुम्ही हे ऑप्शनमध्ये करताय म्हणून सांगतो, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या 3 वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणारे 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. त्यातल्या कितीतरी जणांना हॅमर ओळखता येत असणारच ना.

चार्ट दिवसाचाच बघा. मी आता रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर बघतो, आणि घ्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी भाव हॅमरच्या हायच्या वर गेला तरच.