त्रेचाळीस इंच

प्रिय मुली,

फोटो पाहिला. तीनदा पाहिला, शेवटी चष्मा लावून. सॅमन मोठा आहे, मादी आहे, वीस पौंडांच्या वर सहज भरेल, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे दिसतंय ते मी चांगलं ओळखतो. त्यामुळे कौतुक करत बसत नाही. तुझ्या डाव्या बाहीला चार खवले चिकटलेत, तेही दिसले. आणि हातात कोरडे लोकरी हातमोजे. त्यावर नंतर येतो.

आई म्हणाली, "सोडायचाच होता तर धरलास कशाला?" आणि तुला काही उत्तर सुचलं नाही. मलाही गेल्या तीस वर्षांत सुचलेलं नाही. तुझी काकू दर वर्षी मोसम सुरू झाला की हेच विचारते, आणि मी बूट शोधायला लागतो. पण तुला खरं खुपतंय ते हे नाहीच. ते मेसेजच्या अगदी तळाशी आहे, जाता जाता लिहिल्यासारखं: "काका, ती लगेच गेली नाही. जरा कलंडली होती. जगली असेल ना?"

सांगता येत नाही. एखादा मासा झपकन शेपटी मारून निघून जातो आणि खालच्या डोहात रात्री मरतो. दुसरा दहा मिनिटं हातात लोळागोळा होऊन पडतो आणि नोव्हेंबरात वरच्या झऱ्यांत जाऊन अंडी घालतो. नदी तुला निकाल कळवत नाही. म्हणून जे आपल्या हातात आहे तेवढंच बोलू, आणि ते एकच आहे: मासा पाण्यातच ठेवायचा. गळ काढायचा तो पाण्यात. माप घ्यायचं ते पाण्यात. फोटो हवाच असेल तर तू खाली वाक, त्याला वर आणू नकोस.

हा माझा म्हातारचळ नाही. १९९२ साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स या कॅनडातल्या दोघांनी रेनबो ट्राउट मासे टाकीत पळवून पार दमवले. काहींना तसंच पाण्यात सोडलं, काहींना अर्धा मिनिट हवेत धरलं, काहींना एक मिनिट. बारा तासांनी मोजलं तेव्हा नुसते दमवलेले शंभरातले बारा मेले होते. अर्धा मिनिट हवेत राहिलेले अडतीस. एक मिनिट राहिलेले बहात्तर. ट्राउट म्हणजे सॅमन नव्हे आणि टाकी म्हणजे आपली स्कॉटलंडमधली टे नदी नव्हे, हे मला कळतं, वाद घालू नकोस. पण कारण तेच आहे. कल्ल्यांची बारीक पानं पाण्यात सुटी सुटी असतात. हवेत आली की ओल्या केसांसारखी एकमेकांना चिकटून बसतात. आणि हे कधी, तर झुंजून झुंजून रक्तात आम्ल साचलेलं असताना, म्हणजे त्याला श्वासाची सगळ्यात जास्त गरज असताना.

तू फोटो एकच पाठवलास. पण मैत्रिणीने किती काढले? खरं सांग. एक चांगला मिळायला आठ काढावे लागतात.

मला हे कसं माहीत? १९९४, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, टे नदीच, डंकेल्ड गावाच्या खाली. माझ्या आयुष्यातला तोवरचा सगळ्यात मोठा मासा, नर, तांबूस झालेला, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला. वरच्या पंखाच्या मागे जाळ्याचा जुना पांढरा वण. मी गुडघाभर पाण्यात, मासा दोन्ही हातांत वर धरलेला, आणि काठावर मित्र कॅमेरा घेऊन. तो म्हणाला, "थांब, रोल संपला." छत्तिसावा फोटो त्याने कसल्यातरी झाडाचा काढला होता. त्याने कॅमेरा उघडला, जुना रोल काढला, नव्याची डबी दातांनी उघडली, पट्टी खाचेत बसेना, पुन्हा बसवली. आणि मी मासा धरून उभा. खाली पाणी होतं, दोन वितींवर. गुडघे वाकवले असते तरी पुरलं असतं. नाही वाकवले, कारण मित्र म्हणाला होता, हलू नकोस.

मग सोडला. गेला की! शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. रात्री आम्ही त्याच्या नावाने प्यालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्यानेच बंदी, म्हणून मी नुसताच काठाने फिरायला गेलो. अर्ध्या मैलावर काठच्या अल्डर झाडाच्या मुळांत पांढरं पोट अडकलेलं दिसलं. काठीने उलटा केला. वरच्या पंखाच्या मागे वण.

आता, त्या काळी सगळे तसंच करत. उलट सोडणारे आम्हीच थोडे होतो, बाकीचे डोक्यात दांडका घालून घरी नेत. शिवाय कॅमेरा माझा नव्हता, झाडाचा फोटो मी काढला नव्हता. हे मी त्या मित्राला नंतर बोलून दाखवलं, त्याचा परिणाम असा की तो गेली वीस वर्षं माझ्याशी बोलत नाही. चूक त्याचीही होतीच. फोटो मात्र अप्रतिम आलाय.

तेव्हापासून एकही मासा मी पाण्याबाहेर काढलेला नाही. एकही नाही. आणि याची किंमत मोजतो आहे ती ऐक. २००७ साली त्याच नदीत, संध्याकाळी, मला एक मादी लागली. रॉडच्या मुठीपासून मी चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या होत्या. जाळ्यात, पाण्यात, ती सरळ झाली तेव्हा रॉड शेजारी आडवा धरला. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत त्रेचाळीस इंच. घेर मोजायला हात मोकळा नव्हता, नजरेने चोवीस इंच. हिशेब तुलाही येतो: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००. एकतीस पौंड. काठावरचा गिली, म्हणजे तिथला आमचा वाटाड्या, म्हणाला घेर बावीसच असेल. बावीस धरला की सव्वीस पौंड होतात! दोन इंचांत पाच पौंड गेले. तो तिथे चाळीस पावलांवर उभा होता, उजेड कमी होता आणि मासा माझ्या मांडीला टेकलेला होता. चोवीस होता. लोक ऐकतात, हसतात आणि विचारतात, फोटो?

याच नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइनने वडिलांबरोबर बोटीतून जो सॅमन धरला तो ६४ पौंडांचा, ५४ इंची. ब्रिटनमध्ये रॉडवर धरलेल्या सॅमनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तिचा आकडा कुणी खोडत नाही, कारण मासा तराजूत पडला, प्लास्टरचा साचा झाला आणि मांस पर्थच्या इस्पितळात गेलं. मेलेल्या माशाचं वजन सगळ्यांना मान्य असतं. मी तिला नावं ठेवत नाही, तेव्हा नदी भरलेली होती. आता २०२३ मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन संकटग्रस्तांच्या लाल यादीत गेलाय. तुझ्या त्या मादीच्या पोटात दहा हजारांच्या वर अंडी असणार. तिला धरून ठेवलेला प्रत्येक सेकंद त्या हिशेबात धर.

रागावलोय असं वाटलं का? थोडा रागावलोच आहे, पण जास्त माझ्यावर. तू चांगलं केलंस तेही खूप आहे. गळाच्या टोकाला उलटा काटा नव्हता हे फोटोतल्या फ्लायवरून, म्हणजे गळावरच्या त्या बनावट किड्यावरून, दिसलं. शेपटीच्या मुळाशी धरलंस, कल्ल्यात बोटं घातली नाहीस. पण हातमोजे! माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याची कातडी समज. कोरडी लोकर तो पुसून काढते, मग तिथे बुरशी धरते. उघडे हात, आधी नदीत बुडवलेले. बोटं गारठतील, गारठू देत. आणि पुढच्या वेळी इतकं खेळवू नकोस. चाळीस मिनिटं झुंज दिली असं तू अभिमानाने लिहिलंयस. जाडसर दोर लाव आणि रेटून निम्म्या वेळात आण. सोडताना तोंड प्रवाहाकडे, एक हात शेपटीशी, एक पोटाखाली, बस. पुढे-मागे हलवायचं नाही, ते आम्ही चुकीचं शिकलो होतो. पाणी आपणहून कल्ल्यांतून जाऊ दे. ती कलंडली तेव्हा तू हात काढलेस की धरून राहिलीस, ते लिहिलं नाहीस. धरून राहिलीस असं मी समजतो.

आणि हे सगळं पाण्यात. पुन्हा सांगतोय, कारण पुढचा मासा लागेल तेव्हा हात थरथरत असतील, काठावरून कुणीतरी "वर धर, वर धर" ओरडत असेल, आणि माझं एवढं मोठं पत्र तुला आठवणार नाही. दोन शब्द आठवले तरी पुरे. पाण्यात ठेव.

आईला काय सांगायचं ते तूच बघ. खायला हवा तर बाजारात समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेला मिळतो. रॉडवर धरलेला सॅमन इथे विकताही येत नाही, एवढं सांगितलंस तर ती निदान विषय बदलेल.

टेचा मोसम १५ जानेवारीला उघडतो. मार्चअखेरपर्यंत धरलेला प्रत्येक सॅमन कायद्याने सोडावाच लागतो, तेव्हा फ्रीजचा प्रश्न नाही. गारठा हाडं फोडेल, बहुतेक काही लागणारही नाही. तू ये. फोन गाडीत ठेवायचा, जाळं मी धरेन. तुझ्या रॉडवर चिकटपट्टीच्या खुणा मीच करून देतो, दर पाच इंचांवर काळी.

त्रेचाळिसावर एक लाल करणार आहे. का ते गिलीसमोर विचारू नकोस.

तुझा,
काका