थकलेलं कर्ज आणि सिक्युरिटी क्लिअरन्स: पुण्याचे हप्तेसुद्धा लिहा

प्रश्न: माझे यजमान अलीकडेच अमेरिकन नागरिक झाले. कंपनी त्यांना संरक्षण खात्याच्या प्रकल्पावर घेणार आहे, त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, लागेल. मध्यंतरी नोकरी गेली होती तेव्हा दोन क्रेडिट कार्डं आणि हॉस्पिटलचं एक बिल थकलं, ते वसुली एजन्सीकडे गेलं. शिवाय पुण्यात दिरांच्या फ्लॅटच्या कर्जाला हे सहकर्जदार आहेत आणि तिथले हप्ते बंद पडलेत. पुण्याचं इथे कोणाला कळणार? लिहायलाच हवं का?
– एक ताई, मेरीलँड

उत्तर: ताई, लिहायलाच हवं. पुण्याचंही.

क्लिअरन्ससाठीचा एसएफ-८६ हा सरकारी फॉर्म भरताना कलम २६ नीट वाचा. गेल्या सात वर्षांत कोणतं देणं १२० दिवसांहून जास्त थकलं का, वसुलीला गेलं का, बँकेनं बुडीत खाती टाकलं का, असं तिथे विचारतात. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन असाल तर तेही सांगायचं असतं. कर्ज फक्त अमेरिकेतलंच, अशी सूट नाही. अमेरिकन क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, पुण्याची बँक दिसत नाही हे खरं, पण प्रश्न रिपोर्टबद्दल नाही, तुमच्या यजमानांच्या देण्याबद्दल आहे. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि क्लिअरन्सच्या दृष्टीनं थकबाकीपेक्षा लपवाछपवी कितीतरी जड जाते.

सरकारला तुमच्या हप्त्यांशी काय घेणं, असं मनात येणं साहजिक आहे. सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये सोव्हिएत हेरांना गुपितं विकू लागला तेव्हा घटस्फोट आणि कर्ज यांनी तो घेरलेला होता. १९९४ मध्ये पकडला जाईपर्यंत त्यानं लाखो डॉलर घेतले. पैशाच्या अडचणीतला माणूस गळाला लागू शकतो, ही भीती अशा प्रकरणांतून आली. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवण्याच्या, २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत आर्थिक बाबींचा स्वतंत्र भाग आहे. अमुक डॉलरच्या वर कर्ज असलं की नकार, असा आकडा त्यात नाही.

उलट त्याच निकषांत तुमच्या बाजूनं बोलणाऱ्या गोष्टी आहेत. नोकरी जाणं, अचानक आलेलं आजारपण, घटस्फोट यांसारख्या हाताबाहेरच्या कारणांचा विचार होतो, पण त्या काळात माणूस जबाबदारीनं वागला का, हेही पाहतात. म्हणून आजच अशी नोंद ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट मोफत काढा. हॉस्पिटलशी बोलून हप्ते बांधून घ्या, ते लेखी मिळवा आणि दर महिन्याची पावती फाईलला लावा. कार्डवाल्यांनी रक्कम कमी करून तडजोड केली, तर माफ झालेला भाग उत्पन्नात धरला जाऊ शकतो, तेव्हा १०९९-सी (माफ झालेल्या कर्जाची माहिती देणारा कराचा फॉर्म) आला तर कर भरताना विसरू नका. बँकेनं बुडीत खाती टाकलं म्हणजे देणं माफ झालं, असं समजू नका. जुनं झालं, कोर्टात जाता येणार नाही, म्हणून गप्प बसणंही तिथे चांगल्या हेतूचं लक्षण धरत नाहीत.

आता दिरांचा फ्लॅट. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाला बांधील, निम्म्याला नव्हे. भारतात ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि तारण मालमत्तेवरून वसुलीचा अधिकार देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची मागणी नोटीस काढू शकते. ही नोटीस बहुधा पुण्याच्याच पत्त्यावर जाते. आई-वडिलांना काळजी नको म्हणून कोणीतरी ती कपाटात ठेवतं आणि इकडे तुम्हाला पत्ताच नसतो. यजमानांनी दिरांशी स्पष्ट बोलावं. भावाचा अपमान होईल, लोक काय म्हणतील, हा संकोच बाजूला ठेवा. कर्जखात्याचा उतारा आणि थकबाकीचं पत्र बँकेकडून स्वतः मागवा. काही भरायचं ठरलं तर बँकेमार्फतच पाठवा, कोणाच्या हाती रोख देऊ नका. फ्लॅटवर यजमानांचं नाव असेल तर परदेशी मालमत्तेच्या कलमातही तो लिहावा लागेल. भारतातल्या एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यांचंही तसंच. सगळ्या परदेशी खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरलाय ना, तेवढं तपासा.

क्लिअरन्स मिळाल्यावरही नजर असते. सतत पडताळणीच्या पद्धतीत क्रेडिट नोंदी अधूनमधून आपोआप तपासल्या जातात, त्यामुळे नवी थकबाकी झाली तर सुरक्षा अधिकाऱ्याला आपणच आधी सांगावं. आणि कधी क्लिअरन्सबद्दल सरकारकडून आक्षेपांचं पत्र आलंच, तर कंत्राटी कंपनीतल्या माणसाला उत्तर द्यायला साधारण २० दिवस असतात. पत्र आलं त्याच दिवशी या कामातला वकील गाठा. मुदतवाढ मागायची असेल तर तीही मुदत संपण्याआधी.