सिएटलची सेंट्रल लायब्ररी: वरून खाली उतरत बघा

तुमच्याकडे सिएटलमध्ये एकच मोकळी दुपार आहे. सेंट्रल लायब्ररीच्या इमारतीला कुणी अप्रतिम म्हणतं, कुणी काचेचं वेडंवाकडं खोकं, तेव्हा जावं का, असं तुम्ही विचारलंय.

जरूर जा. फक्त रस्त्यावर उभं राहून मत बनवू नका. बाहेरून ती विचित्रच दिसते: खोकी एकावर एक रचताना हात हलावा तसे पुढेमागे सरकलेले मजले आणि त्या सगळ्यांवर ताणून बसवलेली पोलाद-काचेची जाळी. रेम कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रामस यांनी आखलेली ही अकरा मजली इमारत २००४ मध्ये उघडली. याच जागेवर आधी १९०६ ची आणि मग १९६० ची लायब्ररी होती.

मला ती का आवडते हे सांगायचं तर थोडं आमच्या कामातलं सांगावं लागेल. मी बरीच वर्षं ग्रंथालयात काढली आहेत. पुस्तकं वर्गांकानुसार, म्हणजे विषयाला ठरवून दिलेल्या आकड्यांच्या क्रमानं लावायची, हे ठीक. पण विषय वाढत जातो आणि जागा तेवढीच राहते. मी होते तिथे इतिहासाची अर्धी पुस्तकं पहिल्या मजल्यावर होती आणि उरलेली तळघरात. वाचक वरची कपाटं बघून परत जायचे. खालच्या पुस्तकांवरची धूळ पुसताना मला फार वाईट वाटायचं.

सिएटलमध्ये या दुखण्यावर इमारतीनंच इलाज केलाय. सहाव्या ते नवव्या मजल्यापर्यंत जमीनच हलक्या उतारानं गोल फिरत वर जाते आणि माहितीपर पुस्तकांची कपाटं त्या उतारावर ०००पासून ९९९पर्यंत सलग लागलेली आहेत. मजला बदलतो, रांग तुटत नाही. मध्ये पायरी नाही, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही पूर्ण रांग फिरू शकतो. कपाटांच्या तोंडाशी जमिनीवर रबरी चटया आहेत आणि त्यांवर ठळक वर्गांक. मी मान खाली घालून आकडे वाचत चालले होते. आठशे नव्वदच्या आसपास आपोआप पाय थबकले, कारण ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, हा आकडा हातानं हजारदा लिहिलेला.

टीका करणाऱ्यांचंही खोटं नाही. वर नेणारे झगझगीत पिवळे सरकते जिने लगेच दिसतात, खाली यायचं कुठून हे मात्र लगेच कळत नाही, ही लोकांची जुनी तक्रार आहे. तिथल्याच एका वर्तमानपत्राच्या वास्तुसमीक्षकानं २००४ मध्ये इमारतीचं कौतुक केलं आणि २००७ मध्ये जाहीरपणे मत बदललं. चौथ्या मजल्याचे बोळ तर जमिनीपासून छतापर्यंत लालभडक. मला तिथे पाच मिनिटंही थांबवलं नाही. पण सार्वजनिक इमारतीबद्दल लोक इतक्या पोटतिडकीनं भांडतात, याचाच मला आनंद वाटतो. १९९८ मध्ये याच शहरानं ग्रंथालयांसाठी १९ कोटी डॉलरहून जास्त रकमेचे रोखे मतदानानं मंजूर केले होते. पैसा त्यांचा, तेव्हा बोलायचा हक्कही त्यांचाच.

प्रवेश मोफत आहे. शहर चढावर असल्यामुळे फोर्थ अव्हेन्यूच्या दारातून पहिल्या मजल्यावर शिरता आणि फिफ्थ अव्हेन्यूच्या दारातून थेट तिसऱ्या. लिफ्टनं आधी दहाव्या मजल्यावरच्या वाचनकक्षात जा आणि तिरप्या काचांखाली जरा बसा. मग पुस्तकांच्या उतारावरून चालत खाली या. मनात एखादा विषय धरून निघालात तर बरं, म्हणजे त्याचे शेजारी कोण हे बघत बघत उतरता येतं.

शेवटी पहिल्या मजल्यावरची लाकडी जमीन चुकवू नका. ॲन हॅमिल्टन या कलावतीनं मेपलच्या फळ्यांवर अकरा भाषांतली वाक्यं उठावात कोरून घेतली आहेत, छापखान्यातल्या खिळ्यांसारखी उलटी. लोक त्यांच्यावरूनच चालतात. मी खाली वाकून एका ओळीवरून बोट फिरवलं, तर अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत लागल्या.