जड काम सर्व्हरवर, पण कधी?

प्रश्न : बुद्धिबळाचं अ‍ॅप उघडलं की माझा फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. अ‍ॅपचं जड काम दूरच्या सर्व्हरवर टाकलं तर बॅटरी वाचेल का?

उत्तर : उदाहरण अगदी नेमकं दिलंत. पटावरची स्थिती पाठवायला मोजके बाइट पुरतात, चाल शोधताना मात्र प्रोसेसर घाम गाळतो. असं काम खुशाल बाहेर द्यावं. व्हिडिओला फिल्टर लावायचा तर गणित उलटतं. एवढा डेटा पाठवण्यातच बॅटरी जाईल.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या ‘माउई’ प्रणालीत कोडचे कोणते भाग बाहेर चालू शकतात एवढंच प्रोग्रामर खुणावतो. पाठवायचं की नाही, हे अ‍ॅप चालू असताना नेटवर्क पाहून ठरतं. मला त्यातली हीच गोष्ट पटते. कारण वाय-फायवर परवडणारं काम ३जीवर अंगाशी येऊ शकतं. तिथे पाठवणं संपलं तरी फोनचा रेडिओ (सिग्नल पाठवणारा भाग) काही सेकंद जागाच राहतो आणि बॅटरी खातो. (जीपीएस, कॅमेरा वापरणारा कोड फोनवरच राहणार, हे ओघानं आलंच.)

ही सोय सेटिंगमध्ये शोधू नका, ती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच द्यावी लागते. तोवर अ‍ॅपमधल्या इंजिनाला (चाल शोधणाऱ्या भागाला) विचारासाठी दिलेला वेळ कमी करून पाहा.