परदेशात फिरताना आपण एवढे चालतो, ते कसे काय?

माझ्या मते याचे मुख्य कारण तिथली सार्वजनिक वाहतूक हे आहे आणि टोकियोत ते फार स्पष्ट जाणवते. तिथली यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे ३४.५ किलोमीटरची असून तिच्यावर ३० स्थानके आहेत; म्हणजे सरासरी सुमारे १.१५ किलोमीटरवर पुढचे स्थानक येते आणि दिवसा गाडीही काही मिनिटांतच मिळते. त्यामुळे हाराजुकू स्थानकावर उतरून लगतच्या शिबुया स्थानकापर्यंत रमतगमत चालत जावे आणि पाय दुखू लागले की तिथूनच पुढची गाडी पकडावी, हे सहज जमते. स्वतःची मोटार असती, तर ती जिथे उभी केली तिथेच परतावे लागले असते. थकल्यावर परतीची सोय जवळच आहे, ही खात्रीच माणसाला अनोळखी गल्लीत वळायला धीर देते. भुयारी स्थानकांत प्रत्येक दरवाजाला क्रमांक असतो, पिवळ्या फलकावर कुठल्या दाराने कुठे निघाल ते लिहिलेले असते आणि अंधांसाठी उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा थेट पदपथापर्यंत नेतात. अर्थात पदपथ सलग आणि मोकळे हवेतच. ते नसतील, तर उत्तम मेट्रोतून उतरलेला प्रवासीही रिक्षाच शोधतो.